यंत्राला शिकवायचे कोणी?



पुण्यास १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, त्याला आता दीडशे वर्षे झाली. एवढ्या काळात गावोगावच्या अशा व्यासपीठांवरून वेदान्तापासून भाताच्या जपानी लागवडीपर्यंत सर्व विषय होऊन गेले आहेत. त्यामुळे "यंत्रे शिकतात म्हणजे काय करतात, ते सांगा" अशी चालकांनी आज्ञा केली तेव्हा आम्हांस नवल वाटले नाही. मे महिना आहे, चाकरमानी मंडळी घरी आलेली आहेत. त्यांच्या खिशातला फोन मराठीत बोलतो, विचारल्या प्रश्नाला उत्तर देतो, आणि घरातल्या आजीने "आत बसून कोण बोलतो रे हा?" असे विचारले म्हणजे मुंबईचा नातू गप्प बसतो. त्या आजीच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा आमचा आज प्रयत्न आहे. पुढल्या वीस वर्षांत जगाचे काय होणार हे मात्र आम्ही सांगणार नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे ऐकून कोणाचा आंब्याचा सौदा सुधारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

प्रथम शिकणे म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे फणस पिकला की नाही हे जाणता माणूस बोटाने ठोकून सांगतो. कच्च्याचा आवाज वेगळा, पिकल्याचा वेगळा. परंतु "काका, नेमका आवाज कसा, ते नियमात सांगा" असे म्हटले तर काका हसतील. त्यांना नियम येत नाही, फणस येतो. जुन्या पद्धतीने यंत्राकडून काम करून घ्यावयाचे तर माणसाने आधी नियम सांगावा लागे. येथे नियमच सांगता येत नाही. मग काय करावयाचे? एक हजार फणस घ्यावयाचे, प्रत्येक ठोकून त्याचा आवाज टिपून ठेवावयाचा, मग तो कापून पाहावयाचा आणि त्या आवाजापुढे 'पिकला' किंवा 'कच्चा' असे लिहावयाचे. ही हजार उदाहरणे यंत्रापुढे ठेवली म्हणजे ते आरंभी वाटेल ते उत्तर देते. उत्तर चुकले की आतल्या अनेक आकड्यांपैकी प्रत्येक थोडाथोडा हलविला जातो, आणि पुन्हा विचारले जाते. असे लाखो वेळा झाले की आकडे अशा जागी येऊन बसतात की एक हजार एकावा, कधी न ऐकलेला फणसही यंत्र बहुधा बरोबर ओळखते. ह्यालाच मशीन लर्निंग म्हणतात. अमेरिकेत आर्थर सॅम्युएल नावाच्या गृहस्थांनी सोंगट्यांचा एक खेळ यंत्राला शिकविला आणि १९५९ साली त्याविषयी लिहिताना हा शब्द वापरला.

ह्या हकीगतीत यंत्राचे कौतुक सर्वजण करतात. फणस कापून 'पिकला' असे लिहिणाऱ्या माणसाकडे कोणी पाहत नाही. वस्तुतः सर्व विद्या त्याच्या चिठ्ठीत आहे. त्याने कापे फणस तेवढे घेतले आणि बरके घेतलेच नाहीत, तर बरक्यापुढे यंत्र गोंधळेल. त्याने चुकीचे लिहिले तर यंत्र चुकीचेच शिकेल, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने. म्हणून आजच्या विषयातला आमचा प्रश्न असा की ही उदाहरणे कोण गोळा करतो, कोणाची करतो, आणि त्यांत आपली किती आहेत?

त्यासाठी आम्ही एका पुणेकराची गोष्ट सांगणार आहोत. आश्चर्य असे की महाराष्ट्रात त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. अरविंद कृष्ण जोशी यांचा जन्म ५ ऑगस्ट १९२९ रोजी पुण्यास झाला. १९५० साली पुणे विद्यापीठाची इंजिनिअरिंगची पदवी त्यांनी घेतली, मग दोन वर्षे बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये काढली आणि पुढे ते अमेरिकेत फिलाडेल्फियास गेले. तेथल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १९६० साली ते विजेच्या इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टर झाले, आणि जन्मभर त्याच विद्यापीठात राहिले. ३१ डिसेंबर २०१७ रोजी त्यांचे निधन झाले.

विजेचा इंजिनिअर भाषेकडे वळला कसा? त्या विद्यापीठात झेलिग हॅरिस नावाचे भाषाशास्त्रज्ञ होते. चॉम्स्की यांचे गुरू ते हेच. यंत्राला इंग्रजी वाक्य देऊन त्यातला कर्ता कोठला, कर्म कोठले, कोणते विशेषण कोणाला चिकटले आहे, हे त्याच्याकडून ओळखून घ्यावयाचे असा हॅरिस यांचा संकल्प होता. आपल्या शाळेत 'वाक्यपृथक्करण' म्हणून जे मुलांच्या मागे लागते तेच. १९५८-५९ साली तरुण जोशी ह्या कामात होते. यंत्र होते युनिव्हॅक. त्याची स्मरणशक्ती बारा अक्षरांच्या हजार शब्दांएवढी. त्या चिमुकल्या जागेत ह्या मंडळींनी वाक्यपृथक्करण बसविले. पुढे लोक ते विसरले. जवळजवळ चाळीस वर्षांनी जोशींनी ते जुने काम उकरून नव्या संगणकावर पुन्हा चालविले, तेव्हा असे आढळले की त्यातली रीत नव्या पिढीने नवी म्हणून पुन्हा शोधून काढली होती. 'पुरातन काळातले पृथक्करण' अशा थाटाचे नाव देऊन त्यांनी त्यावर लेख लिहिला. विद्वानांना विनोदबुद्धी नसते असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

त्यांचे मुख्य काम १९७५ सालचे. लेव्ही आणि ताकाहाशी ह्या दोघांबरोबर त्यांनी व्याकरणाची एक नवी मांडणी केली. तिचे इंग्रजी नाव लांबलचक आहे, पण आंब्याची कलमे बांधणाऱ्या ह्या मुलुखात ती समजण्यास अडचण नाही. जोशींच्या मते वाक्य हे झाड आहे, आणि प्रत्येक शब्द स्वतःचे लहानसे झाड घेऊनच येतो. 'येणे' हा शब्द आला की त्याच्यासोबत 'कोणीतरी येणारा' ही फांदी येतेच. आता 'मुलगा आला' एवढे झाड तयार आहे. त्यात 'काल मुंबईहून' घालावयाचे आहे. आपण कलम बांधतो तेव्हा खुंटावर डोळकाडी बसवतो आणि खुंटाचा शेंडा टाकून देतो. जोशी शेंडा टाकीत नाहीत. ते झाड मध्येच कापतात, त्या जागी नवी फांदी बसवितात, आणि कापलेला वरचा भाग त्या फांदीच्या टोकास पुन्हा जोडतात. ह्या एका युक्तीने वाक्ये कितीही लांबली तरी दूरदूरच्या शब्दांचे नाते तुटत नाही.

दहा वर्षांनी, १९८५ साली, त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: माणसाच्या भाषेला व्याकरण किती बळकट लागते? नियम फार साधे ठेवले तर काही भाषांची वाक्ये निसटतात. फार मोकळे ठेवले तर वाटेल ती बडबड व्याकरणात बसते, आणि यंत्राला उलगडा करण्यास वेळ पुरत नाही. साध्याहून किंचित बळकट, एवढेच पुरते, असे त्यांचे उत्तर होते. हे 'किंचित' किती, हे गणिताने मोजून दाखविणे हीच त्यांची करामत. पुढे जीवशास्त्रज्ञांनी आर.एन.ए. ह्या पेशीतल्या धाग्याच्या घड्या कशा पडतात ते मांडण्यासाठी हेच व्याकरण वापरले. १९७५ साली ह्या संशोधनाचा उपयोग काय असे कोणी विचारले असते तर जोशींना हे उत्तर देता आले नसते.

आता आम्हांस ज्यासाठी ही गोष्ट सांगावीशी वाटली तो भाग. १९८२ साली जोशींनी एक निबंध वाचला. विषय होता, दोन भाषा मिसळून बोलणारा माणूस वाक्य कसे जुळवितो, आणि त्यातली दुसरी भाषा होती मराठी! आपण रोज बोलतो ते वाक्य घ्या: 'मी उद्याच्या मीटिंगला येतो, पण बस लेट झाली तर वेट करा.' ह्यात मीटिंग, लेट, वेट इंग्रजी आहेत. पण 'मीटिंगला' ह्यातला 'ला' कोणी इंग्रजी करीत नाही. 'मी टू मीटिंग येतो' असे अर्धवट शिकलेला शहरी मनुष्यही म्हणणार नाही. नामे, क्रियापदे, विशेषणे खुशाल परकी येतात. विभक्तीचे प्रत्यय, शब्दयोगी अव्यये, काळ दाखविणारे शेपूट ही घरचीच राहतात. शिवाय उलटा व्यवहार होत नाही. वाक्याचा सांगाडा मराठी असताना इंग्रजी आत येते, इंग्रजी सांगाड्यात मराठी त्या रीतीने शिरत नाही. आमचे शुद्धिवादी मित्र ज्याला 'धेडगुजरी' म्हणून नाक मुरडतात त्या बोलण्यालाही शिस्त आहे, हे फिलाडेल्फियात बसलेल्या मराठी माणसाने नियम घालून दाखविले. आज आपल्या फोनला अशीच मिश्र वाक्ये रोज ऐकावी लागतात. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीचा तो निबंध त्यामुळे मुळीच जुना वाटत नाही.

जोशींना मानसन्मान मिळाले ते उशिरा. संगणकी भाषाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००२ साली जीवनगौरव सुरू केला तो पहिला त्यांना दिला. २००३ साली रूमेलहार्ट पारितोषिक, २००५ साली फ्रँकलिन पदक. म्हणजे पदवीनंतर पन्नास वर्षे.

येथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणे बरे नाही. आज जे यंत्र मराठीत पत्रे लिहून देते त्याच्या पोटात जोशींची झाडे आहेत काय? नाहीत. २०१७ नंतरची ही यंत्रे अफाट मजकूर वाचून पुढचा शब्द कोणता येईल एवढे ओळखण्यास शिकतात. व्याकरण त्यांना कोणी सांगत नाही. मग जोशींचे आयुष्य वाया गेले की काय? आम्हांस तसे वाटत नाही, आणि केवळ अभिमानाने म्हणतो असेही नाही. नियमांकडून उदाहरणांकडे जाण्याचे वारे १९९० च्या सुमारास सुटले तेव्हा जोशी पाय रोवून उभे राहिले नाहीत. १९९४ साली श्रीनिवास बंगळूर ह्या शिष्याबरोबर त्यांनी आपल्या झाडांनाच चिठ्ठ्या केले. वाक्यातल्या प्रत्येक शब्दाला कोणते झाड शोभते हे यंत्राने शेजारच्या शब्दांवरून ओळखावयाचे. पुढे दहा लाख शब्दांवर शिकविल्यावर शंभरात नव्वदाहून अधिक शब्दांना यंत्र बरोबर झाड देऊ लागले. आपल्याच सिद्धान्ताला साठीनंतर नव्या कामाला लावणे हे आम्हांस पारितोषिकांहून मोठे वाटते.

त्यांच्याच विभागात मिच मार्कस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ ते १९९२ ह्या काळात पंचेचाळीस लाखांहून अधिक इंग्रजी शब्दांचा मजकूर घेतला आणि प्रत्येक शब्दापुढे त्याची जात लिहिली. पुष्कळशा मजकुराची वाक्यरचनाही खुणांनी दाखविली. यंत्र अंदाज करी, माणसे बसून दुरुस्त करीत. हेच ते फणस कापून चिठ्ठी लिहिणे. पुढली कित्येक वर्षे इंग्रजीचे वाक्यपृथक्करण करणाऱ्या बहुतेक यंत्रांची परीक्षा ह्याच संग्रहावर होई. वाक्ये एकमेकांना 'म्हणून', 'परंतु', 'तरीही' अशी कशी जोडली जातात, ह्याच्या खुणांचा तसाच संग्रह पुढे स्वतः जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. सिद्धान्ताला टाळ्या मिळतात. चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांची नावे संशोधकांनाही सांगता येत नाहीत.

महाराष्ट्राला हे काम नवे नाही. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे प्रभृतींनी १९३२ ते १९३८ ह्या काळात सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश काढला. शब्द कोठला, कोकणातला की राजापूरकडचा की गोव्याचा, हे त्यात कंसात नोंदलेले आहे. यंत्राचे नाव नव्हते, सरकारचे पाठबळ बेताचे होते, आणि तरीही खेड्यातल्या बाईच्या तोंडचा शब्द त्यांनी पोथीतल्या शब्दाच्या मांडीला मांडी लावून बसविला. आज मराठीसाठी तसे काम कोण करते? मुंबईच्या आय.आय.टी.त शब्दांचे अर्थसंबंध दाखविणारे मराठी शब्दजाल तयार झाले. केंद्र सरकारने २०२२ साली 'भाषिणी' नावाचा उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रातल्या गरीब लोकांकडून फोनवर मराठी वाक्ये वाचून घेऊन, त्याचे पैसे देऊन, शंभर तासांहून अधिक आवाजाचा संग्रह केल्याचे संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केले. हा शेवटला प्रकार आम्हांस विशेष आवडला. ज्याच्या आवाजाने यंत्र शहाणे होते त्याच्या हातात चार पैसे पडावेत हा साधा व्यवहार आहे.

तरी हे सर्व वाचलेले मराठी झाले, छापील मराठी झाले. 'उधाणाचं पाणी', 'भांगाचं पाणी', 'आगोटीच्या आधी' हे आपण येथे रोज बोलतो. छापील मराठीवर शिकलेल्या यंत्राला भांग म्हटले की डोक्यावरचा आठवेल, नाही तर शिवरात्रीचा. दोष त्याचा नाही. अमावास्या-पौर्णिमेपासून दूरच्या तिथीला भरती उथळ राहते तिला भांग म्हणतात, हे त्याच्यापुढे कोणी पुरेसे लिहून ठेवले नाही.

शिकण्याचा आणखी एक प्रकार आहे. त्यात चिठ्ठी लिहिणारा नसतो, अनुभवच शिकवितो. २०१६ साली 'गो' ह्या खेळात कोरियाच्या ली सेडोलला हरविणारे यंत्र पुष्कळसे स्वतःशी खेळून तयार झाले होते. ह्या प्रकारच्या गणिताचा पाया रॉबिन्स आणि मन्रो ह्या दोघांच्या १९५१ सालच्या निबंधात आहे, आणि त्यावर ज्यांनी मोठी इमारत बांधली त्यांत विवेक बोरकर हे मराठी नाव जगभर घेतले जाते. १९७६ साली मुंबईच्या आय.आय.टी.चे पदवीधर, १९८० साली बर्कलेचे डॉक्टर, आणि मग भारतात परत. बंगळूर आणि मुंबई येथे त्यांनी अध्यापन-संशोधन केले, आणि १९९२ साली त्यांना भटनागर पारितोषिक मिळाले. त्यांच्या १९९७ सालच्या एका निबंधाची कल्पना आपल्या खाडीच्या तोंडाशी उभे राहिले की समजते. होडी आत आणणारा तांडेल दोन गोष्टी शिकत असतो. आजची भरती, आजचा वारा, ह्याप्रमाणे तो क्षणोक्षणी सुकाणू हलवितो. हे शिकणे वेगाचे. तोंडाशी वाळूचा पट्टा वर्षावर्षाने सरकतो, त्याचेही ज्ञान तो बदलीत असतो. हे शिकणे सावकाशीचे. रोजच्या हिशेबापुरती वाळू जणू स्थिर असते, आणि वाळूच्या हिशेबापुरती रोजची गडबड जणू मिटलेली असते. दोन्ही शिकणी अशा दोन वेगांनी चालली तर यंत्र भरकटत नाही, हे बोरकरांनी गणिताने सिद्ध केले. एक भाग खेळतो आणि दुसरा त्या खेळाची किंमत ठरवितो अशा यंत्रांना ह्याचा मोठा आधार मिळाला.

खाडीचा उल्लेख आलाच आहे तर वाशिष्ठीविषयी बोलू. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात काय झाले ते येथे कोणास सांगावयास नको. बाजारपेठ बुडाली आणि एस.टी.च्या आगारात माणसे बसच्या टपावर बसून राहिली. त्याआधी २००५ सालचा पूर होताच. पुराची सूचना यंत्र देऊ शकेल काय? कोठे कोठे देते. गूगल कंपनीने केंद्रीय जल आयोगाबरोबर २०१८ साली पाटण्यास असा प्रयोग सुरू केला. २०२४ साली त्यांच्या संशोधकांनी जगातल्या ५६८० मापनस्थळांच्या जुन्या नोंदींवर यंत्र शिकविल्याचे प्रसिद्ध केले, आणि ज्या नद्यांवर मापन नाही त्यांचेही पूर काही दिवस आधी ओळखता येतात असे दाखविले. काम उत्तम आहे यात शंका नाही.

परंतु वाशिष्ठी ही चमत्कारिक नदी आहे. गंगेचे पाणी दिवसांनी चढते, हिचे तासांनी. कोयनेचे जे पाणी निसर्गाने पूर्वेकडे नेले होते ते आपण सह्याद्री फोडून पोफळीच्या वीजघरावर आणले, आणि तेथून कोळकेवाडीमार्गे ते हिच्यात उतरते. म्हणजे हिचे पाणी केवळ पावसावर चालत नाही, वीजघरातल्या माणसाच्या हातावरही चालते. आणि खाली, येथे, समुद्र आहे. उधाणाची भरती असली तर वरून आलेले पाणी वाट पाहत थांबते. जगातल्या हजारो नद्यांवर शिकलेल्या यंत्राने ह्या तीन गोष्टी आमच्यासाठी आपोआप ओळखाव्यात अशी अपेक्षा करणे म्हणजे देशावरच्या शिक्षकाने कोकणातल्या मुलाची परीक्षा विहिरीवरच्या मोटेवर घेण्यासारखे आहे. पाऊस किती, वीजघरातून सुटले किती, आणि खाडीच्या तोंडाशी पाणी कोणत्या वेळी किती होते, ह्या तिन्ही नोंदी वर्षानुवर्षे एकमेकींशेजारी ठेवल्या पाहिजेत. पहिल्या दोन सरकारी दप्तरांतून मिळवाव्या लागतील. तिसरी आपल्या दारात आहे.

बाहेरून मोठे यंत्र येते तेव्हा काय होते ह्याचा अनुभव ह्या गावाइतका थोड्यांना असेल. १९९९ च्या मे महिन्यात येथला वीजप्रकल्प सुरू झाला, २००१ साली बंद पडला आणि २००५ साली नव्या कंपनीकडे गेला. त्याची कारणे दराच्या आणि कराराच्या भांडणात होती, आणि ते भांडण मुंबई-दिल्लीस चालले. विजेचा हिशेब कोणाच्या गरजेने मांडला होता हे अंजनवेलीस कोणी विचारले नव्हते. आम्ही हे यंत्राविरुद्ध बोलत नाही. शिकणारे यंत्र आणि वीजघर ह्यांत एक भेद आहे, आणि तो आपल्या बाजूचा आहे. वीजघर उभारताना गावाजवळ जमिनीखेरीज देण्यासारखे काही नव्हते. शिकणाऱ्या यंत्राला जे लागते ते गावापाशीच आहे. ते लिहून ठेवलेले नाही एवढेच.

आता पालकांचा प्रश्न. मुलाला हा विषय शिकवावा काय? ज्याला गणित आवडते त्याला अवश्य. संभाव्यता, कलनशास्त्र आणि समीकरणांचे गणित ह्यांवाचून ह्या विद्येत पाऊल पडत नाही. सहा महिन्यांत तज्ज्ञ करणाऱ्या जाहिराती येतात त्यांकडे आम्ही आंब्याच्या पेटीवर हापूस लिहून आत दुसरे भरणाऱ्यांकडे पाहतो तसे पाहतो. पण संशोधनाची वाट लांब आहे हे आधी समजून घ्यावे. जोशींची पदवी १९५० ची, डॉक्टरेट १९६० ची, मुख्य निबंध १९७५ चा, त्याचे पूर्ण फळ १९८५ चे. ज्या घराला मुलाच्या पहिल्या पगाराची वाट पाहावी लागते त्या घराने ह्या वाटेला जावे असे आम्ही दडपून म्हणणार नाही. तेथे शिष्यवृत्तीची चौकशी आधी करावी, उपदेश नंतर ऐकावा. नोकऱ्या जातील काय, असेही विचारतात. काही जातील. नकला करणे, साधी भाषांतरे करणे ही कामे कमी झालीच आहेत. फणस कापून चिठ्ठी लिहिणाऱ्याचे काम मात्र वाढते आहे, आणि त्याला मान आणि मोबदला किती मिळावा हे अजून ठरावयाचे आहे. ते ठरविताना आपण हजर असावे.

म्हणून शेवटी एक लहानशी सूचना मांडतो, चालकांनी हवी तर उचलावी. आपल्या किंवा वेलदूरच्या धक्क्यावरच्या एका खांबावर दर दहा सेंटिमीटरला एक असे तेलरंगाचे पट्टे मारावेत आणि आकडे घालावेत. शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांनी, पाळी लावून, गुरुजींच्या देखरेखीखाली, दिवसातून दोन ठरलेल्या वेळी पाणी कोठवर आहे ते वहीत लिहावे. रकाने सहा: तारीख, तिथी, वेळ, पाणी, सकाळपासूनचा पाऊस, आणि शेरा. वादळात किंवा रात्री मुलांनी धक्क्यावर जावयाचे नाही. त्या जागी 'नोंद नाही' असे लिहावे, अंदाजाने आकडा भरू नये. खोटा आकडा रिकाम्या जागेहून वाईट, कारण यंत्र तो खरा मानून शिकते. शेऱ्यात पाणी गढूळ की निवळ, वारा कोठला, मासळी कशी, होड्या गेल्या की नाही, हे मुलाने आपल्या घरच्या बोलीत लिहावे. तो 'भांगाचं पाणी' लिहील, 'पानी लागलंय' लिहील. गुरुजींनी त्याखाली लाल शाईची रेघ मारू नये. शब्द समजला नाही तर समासात अर्थ लिहावा, शक्य तर कोणत्या वाडीत कोणी सांगितला तेही. वर्ष संपले की वहीची एक प्रत ग्रंथालयात आणि दुसरी दुसऱ्या घरी असावी, कारण ग्रंथालयालाही पाणी लागू शकते. पाच-सात वर्षांनी एखाद्या विद्यापीठाने ह्या वह्या मागितल्या तर द्याव्यात. मात्र त्यांपासून जे तयार होईल त्याचा उपयोग ह्या खाडीकाठच्या लोकांना फुकट मिळेल, असे आधी लिहून घ्यावे.

मृग लागण्यास अजून तीन आठवडे आहेत. तेवढ्या उन्हात खांबावरचा रंग वाळून जाईल.